घाम लॅटिनोंचा, सातबारा गोऱ्यांचा

आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतील लॅटिनो शेतकऱ्यांवर चर्चा ठेवली होती. एका तरुण कार्यकर्त्याने सुरुवातीलाच हात वर केला. म्हणाला, "दादा, आपल्याकडे गायरानावरच्या माणसांना अतिक्रमण काढायच्या नोटिसा येतात, आणि आपण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं काय घेऊन बसलोय?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी वेळेअभावी पूर्ण उत्तर देता आले नाही, ते इथे देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जमीन कसणाऱ्याला जमिनीचा मालक होऊ न देण्याचे तंत्र जगभर जवळपास सारखेच आहे. कायदा, कचेरी आणि कागद ही त्याची तीन हत्यारे. लॅटिनो शेतकऱ्यांवर ती कशी चालवली गेली हे समजले, तर त्यांना मदत कशी करायची हेही कळते आणि आपल्यावर काय चालले आहे हेही.

आधी आकडे पाहू. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, पोर्तो रिको अशा लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक. अमेरिकेच्या लोकसंख्येत ते साधारण १९ टक्के आहेत. पिकांच्या शेतात रोजंदारीने राबणाऱ्या मजुरांत त्यांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे. स्ट्रॉबेरी, द्राक्षे, टोमॅटो, कोबी, सफरचंद, जे जे हाताने तोडावे लागते ते बहुतांशी यांच्या हातांनी तोडले जाते. आता शेती चालवणाऱ्यांची यादी बघा. २०२२ च्या अमेरिकन कृषी गणनेनुसार देशातील सुमारे ३४ लाख शेतकऱ्यांपैकी लॅटिनो आहेत साधारण १ लाख १२ हजार. म्हणजे ३ टक्क्यांच्या थोडे वर. सुमारे ९५ टक्के शेतकरी गोरे आहेत.

शेतात तीन-चतुर्थांश आणि कागदावर तीन टक्के! ज्यांना शेती सगळ्यात जास्त येते त्यांच्याकडेच शेती नाही. हा योगायोग आहे का? की लॅटिनो माणसाला शेतकरी व्हायचेच नाही? आपल्याकडेही "यांना जमीन दिली तरी हे कसत नाहीत" असे सांगणारे महाभाग गावोगाव आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर इतिहासात जावे लागते.

जमीन गेली कशी?

१८४८ साली मेक्सिकोशी झालेले युद्ध जिंकून अमेरिकेने आजचे कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना असा विस्तीर्ण मुलूख ताब्यात घेतला. ग्वादालुपे इदाल्गोच्या तहात तिथल्या मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षण देण्याचे वचन होते. परंतु जुन्या जमीन-सनदा मान्य करणारे दहावे कलम अमेरिकन सिनेटने मंजुरीच्या वेळीच गाळून टाकले. पुढे १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील प्रत्येक सनदधारकावर आपली मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. दावे वर्षानुवर्षे चालले. जे जिंकले त्यांचीही जमीन वकिलांच्या फीपायी आणि कर्जापायी गेली.

न्यू मेक्सिकोत तर गावाच्या सामाईक जमिनी होत्या. चराई, सरपण, पाणी यांसाठी सगळ्या गावाने वापरायच्या. आपल्या भाषेत गायरानच म्हणा. १८९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँडोव्हाल खटल्यात ठरवले की अशी सामाईक जमीन गावाची नव्हे, सरकारची. एका निकालाने लाखो एकर जमीन गावांच्या हातून निसटली. त्या जखमेतून १९६७ साली न्यू मेक्सिकोत रेयेस लोपेझ तिहेरिना यांच्या संघटनेने तिएरा आमारिया येथील कोर्टावर धडक मारली. सत्तर वर्षांनंतरही लोक विसरले नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सनदा मिळवणारे सगळेच काही गरीब नव्हते. कॅलिफोर्नियातील कित्येक मेक्सिकन जमीनदार मूलनिवासी इंडियन लोकांना वेठीस धरूनच मोठे झाले होते, आणि मुळात ती भूमी त्या मूलनिवासींची होती. शोषितांचा इतिहास सांगताना त्यांच्यातल्या शोषकांवर पांघरूण घालायचे नसते. हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो आहोत.

मजूर म्हणून हवा, माणूस म्हणून नको

विसाव्या शतकात अमेरिकन शेतमालकांना हात हवे होते, शेजारी नको होते. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन पुरुषांना कराराने आणले जाई. 'ब्रासो' म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू. नावातच सगळे आले. हंगाम संपला की परत पाठवायचे.

दुसरीकडे कायदा काय करत होता? १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने अमेरिकन कामगाराला संघटनेचा हक्क दिला, पण शेतमजूर त्यातून वगळला. १९३८ च्या किमान वेतन आणि कामाच्या तासांच्या कायद्यातूनही शेतमजूर वगळला. दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारांना काळ्या मजुरांवरची पकड सोडायची नव्हती आणि त्यांच्या प्रतिनिधींची मते सरकारला हवी होती. काळ्यांसाठी खणलेल्या त्याच खड्ड्यात लॅटिनोही पडले. आंतरजातीय एकजूट का हवी, असे आम्हाला जे विचारतात त्यांनी हे लक्षात ठेवावे. एकासाठी केलेला बहिष्काराचा कायदा दुसऱ्यालाही गिळतोच.

सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. पहिल्यांदा लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर उठले. आठवडाभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पाच वर्षे लढून १९७० मध्ये करार झाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांसाठी स्वतंत्र कामगार कायदा केला. त्याच वर्षी आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. त्या खुरप्याने काम करायचे तर दिवसभर कंबर मोडून वाकूनच राहावे लागे. उभ्या माणसाला दिवसभर वाकवणारे अवजार कायद्याने बंद करावे लागले, यावरूनच त्या व्यवस्थेची ओळख पटते.

मजुराचा 'शेतकरी' झाला, पण कागदावरच

पुढची गोष्ट आमच्या तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावी. ब्रासेरो योजना संपली, संघटना उभी राहिली, मजुरीचे कायदे कडक होऊ लागले. तेव्हा कॅलिफोर्नियातील काही मालकांनी नवी युक्ती काढली. मजुरालाच 'भागीदार शेतकरी' म्हणायचे आणि वाट्याने शेती द्यायची. मजूर नाही म्हटल्यावर किमान वेतन नाही, विमा नाही, संघटना नाही.

हे बिंग एका खटल्यात फुटले. गिलरॉय भागात बोरेलो कंपनीच्या शेतात काकडी तोडणाऱ्या कुटुंबांकडून असेच करारनामे करून घेतले होते. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, खत मालकाचे, माल कोणाला विकायचा तेही मालकच ठरवणार; आणि राबणाऱ्या कुटुंबाला उत्पन्नाचा निम्मा वाटा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाव काहीही द्या, हे कामगारच आहेत आणि अपघात झाला तर त्यांना कामगाराचे संरक्षण मिळालेच पाहिजे.

कोकणातील खोतीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कुळाला नुसते 'शेतकरी' म्हणून भागत नाही. जमिनीवर सत्ता कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

कचेरीचा उंबरठा

समजा एखाद्या लॅटिनो मजुराने पै पै साठवून पाच-सहा एकर खंडाने घेतले. आता तरी तो सुखाने शेती करील? नाही. खंडाचा करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचा. सेंद्रिय मालाला भाव चांगला, पण सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी जमीन ३६ महिने बंदी असलेल्या रसायनांपासून मुक्त असावी लागते. उद्या मालक जमीन काढून घेईल ही टांगती तलवार डोक्यावर असताना माती कोण सुधारणार? फळझाड कोण लावणार? विहिरीला पैसा कोण घालणार?

मग तो अमेरिकेच्या कृषी खात्याकडे कर्जाला जातो. तिथे अर्ज इंग्रजीत. मागच्या हंगामांचे हिशेब, उत्पन्नाच्या नोंदी, शेती 'चालवल्याचा' अनुभव, सगळे कागदावर हवे. वीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाची मजुरी हा अनुभव म्हणून सहजासहजी धरला जात नाही. लॉरा-ॲन मिन्कॉफ-झर्न या अभ्यासिकेने २०१९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की हे स्थलांतरित शेतकरी लहान तुकड्यात मिश्र पिके घेतात, घरच्यांच्या बळावर शेती करतात आणि सरकारी नमुन्यात नोंदी ठेवत नाहीत. सरकारी फॉर्म मात्र एकाच पिकाच्या मोठ्या शेतीसाठी बनवलेले. फॉर्ममध्ये न बसणारा माणूस योजनेतही बसत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतधारणेवर निबंध लिहिला. केवळ जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात जाते हे मत त्यांनी खोडून काढले. जमिनीच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत यावर सगळे ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सॅलिनासच्या खोऱ्यातील पाच एकरवाल्या लॅटिनो शेतकऱ्याला ते तंतोतंत लागू पडते.

आणि कचेरी चालवतो कोण? १९३० च्या दशकापासून अमेरिकेत कृषी योजनांच्या अंमलबजावणीत काउंटी समित्यांचा हात राहिला आहे. स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या समित्या. ऐकायला किती लोकशाहीवादी! पण जिथे ९५ टक्के शेतकरी गोरे, तिथे समितीवर कोण येणार? खेडे हे स्थानिक अहंकाराचे आणि संकुचितपणाचे घर असते, हा बाबासाहेबांनी दिलेला इशारा भारतापुरता नव्हता. १९९७ मध्ये खात्याच्याच नागरी हक्क कृती पथकाने अल्पसंख्य शेतकऱ्यांशी भेदभाव झाल्याचे आपल्या अहवालात मान्य केले.

न्यायाच्या दारातही रांग वेगळी

काळ्या शेतकऱ्यांनी पिगफर्ड खटला लढवला, १९९९ मध्ये तडजोड झाली आणि शंभर कोटी डॉलरच्या आसपास भरपाई मिळाली. मूलनिवासी शेतकऱ्यांच्या कीप्सईगल खटल्यात २०१० मध्ये ७६ कोटी डॉलरची तडजोड झाली. लॅटिनो शेतकऱ्यांनीही २००० साली गार्सिया खटला दाखल केला. आरोप तेच, खातेही तेच. परंतु न्यायालयाने त्यांना एकत्रित समूह म्हणून लढायची परवानगीच दिली नाही. कर्जाचे निर्णय ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या मर्जीने घेतले, त्यामुळे सर्वांची तक्रार समान म्हणता येत नाही, असा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला. म्हणजे भेदभाव जितका विखुरलेला तितका तो सिद्ध करणे अवघड! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. नंतर सरकारने लॅटिनो आणि महिला शेतकऱ्यांसाठी १३३ कोटी डॉलरची योजना जाहीर केली, पण प्रत्येकाने एकेकट्याने दावा करून पुरावे द्यायचे. ज्याला अर्जच दिला गेला नाही त्याने नाकारलेल्या अर्जाचा पुरावा कुठून आणायचा?

मार्च २०२१ मध्ये अमेरिकन संसदेने काळे, लॅटिनो, मूलनिवासी, आशियाई अशा वंचित शेतकऱ्यांची सरकारी कर्जे फेडण्यासाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची तरतूद केली. लगेच गोरे शेतकरी कोर्टात गेले. आमच्यावर वंशाच्या आधारे अन्याय होतो म्हणाले! जूनमध्ये स्थगिती आली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेने ती तरतूदच रद्द केली. तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणालाही अर्ज करता येईल अशी वंशनिरपेक्ष योजना आली. त्यातून २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना मिळून सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले, हे मान्य करायला हवे. पण जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने जाहीर केले की आपल्या योजनांत वंश आणि लिंगाच्या आधारे 'सामाजिकदृष्ट्या वंचित' असा विचार यापुढे होणार नाही. कारण काय, तर सर्वांना समान वागणूक!

मित्रांनो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? "जात कशाला बघता, गरिबी बघा." "आता कुठे राहिलाय भेदभाव?" दीडशे वर्षे वंश बघून जमीन काढून घ्यायची, वंश बघून कायद्यातून वगळायचे, वंश बघून कर्ज नाकारायचे, आणि भरपाईची वेळ आली की डोळ्यांवर पट्टी बांधून समानतेचे प्रवचन द्यायचे. विषम जमिनीवर समान नियम लावले की विषमताच पक्की होते. त्याच जुलैमध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा काउंटीत स्थलांतरितांविरुद्ध धाड पडली आणि धाडीच्या वेळी छतावरून कोसळलेला एक शेतमजूर पुढे मरण पावला. एका हाताने योजना काढून घेतली, दुसऱ्या हाताने धाक घातला.

त्यांच्यातही उतरंड आहे

'लॅटिनो' हा एकजिनसी समाज नाही. मेक्सिकोच्या वाहाका भागातून आलेले मिश्तेक, त्रिकी, सापोतेक हे मूलनिवासी समूह आहेत. यांची मातृभाषा स्पॅनिश नाही. सरकारी फॉर्म स्पॅनिशमध्ये केला तरी त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. शेतातली सगळ्यात कष्टाची कामे त्यांच्या वाट्याला येतात. इतर मेक्सिकन लोक त्यांना 'ओआहाकिता' म्हणून हिणवतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डच्या शाळांतून हा हिणवणारा शब्द हद्दपार करण्यासाठी मिश्तेक लोकांना मोहीम चालवावी लागली. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. म्हणून पाठिंबा देताना 'लॅटिनो' या छत्रीखाली तळाचा माणूस भिजत तर नाही ना, हे बघावे लागेल.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःलाच विचारला : लॅटिनो मजूर मालक झाला की तोही दुसऱ्या मजुराला पिळणार नाही का? पिळू शकतो. बाजाराचा दबाव त्याच्यावरही असतोच. म्हणूनच १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी जमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामूहिक करण्याचा आग्रह धरला, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर ही वर्गवारीच राहू नये. अमेरिकेत सरकार हे करणार नाही. पण लोक लहान प्रमाणात ती वाट चालत आहेत. वॉशिंग्टन राज्यात बेरीच्या मळ्यांत २०१३ मध्ये संप करून उभी राहिलेली 'फामिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया' ही मुख्यतः मूलनिवासी मजुरांची संघटना. तिने २०१७ मध्ये मालकाशी करार मिळवला आणि तिच्यातूनच 'तिएरा इ लिबेर्ताद' ही मजुरांच्या मालकीची सहकारी शेती निघाली.

मग पाठिंबा द्यायचा कसा?

आमच्या मते नुसती प्रशिक्षणे आणि सत्कार पुरेसे नाहीत. शेती कशी करायची हे लॅटिनो माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. त्याला पुढील गोष्टी हव्यात.

एक, जमीन. दीर्घ मुदतीचे खंडपट्टे आणि सहकारी मालकीसाठी सार्वजनिक पैसा. सॅलिनासमधील 'अल्बा' ही संस्था शेतमजुरांना सेंद्रिय शेतीच्या व्यवसायाचे वर्ग देते आणि सुरुवातीला कमी दराने जमीनही देते. वाट चांगली आहे, पण तिथून बाहेर पडल्यावर महागडी जमीन कुठून आणायची, हा प्रश्न सरकारी धोरणाशिवाय सुटणार नाही.

दोन, पत. लहान कर्ज, साधा अर्ज, आणि मजुरीच्या वर्षांना शेतीचा अनुभव म्हणून मान्यता.

तीन, भाषा. स्पॅनिशबरोबर मिश्तेक आणि त्रिकी बोलणारे कर्मचारी कचेरीत हवेत.

चार, प्रतिनिधित्व. काउंटी समित्यांवर लॅटिनो शेतकरी बसल्याशिवाय वरचे तीनही कागदावरच राहतील. मागणाऱ्याच्या रांगेतून उठून ठरवणाऱ्याच्या खुर्चीवर बसणे, हेच राजकारण.

पाच, बाजार. शाळा आणि अन्नपेढ्यांसाठी स्थानिक लहान शेतकऱ्यांकडून माल घेण्याच्या केंद्र सरकारच्या योजना मार्च २०२५ मध्ये गुंडाळल्या गेल्या. त्या परत आणण्याची मागणी व्हायला हवी.

सहा, राहण्याचा कायदेशीर हक्क. धाडीच्या भीतीत जगणारा माणूस ना कचेरीत जातो ना तक्रार करतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या आंबेडकरवादी बंधुभगिनींना एक सांगणे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाचे विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकाराने अडवले. या लढ्यात भारतीय नसलेल्या कामगार आणि नागरी हक्क संघटनाही तुमच्यासोबत उभ्या राहिल्या. ज्या दोन राज्यांत हे घडले, त्याच राज्यांत हे शेतकरी राबत आहेत. १४ एप्रिलच्या जेवणाची भाजी आणि फळे लॅटिनो सहकारी शेतीतून घ्या. त्यांच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन जा. लिहिता-वाचता येणाऱ्यांनी त्यांचे फॉर्म भरायला बसा. एकजूट अशी दिसली पाहिजे.

आणि आपण इथे काय करायचे? प्रश्न विचारणाऱ्या त्या कार्यकर्त्याला आमचे उत्तर असे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा मागणी दयेची नव्हती, जमिनीची होती. तुझ्या तालुक्यात गायरान किती, कोण किती वर्षे कसतो, नोंद कोणाच्या नावावर आहे आणि भूमिहीनाचे पीककर्जाचे अर्ज कोणत्या कारणाने परत येतात, याची यादी गावनिहाय कर. गार्सिया खटल्यात लॅटिनो शेतकरी विखुरलेल्या भेदभावाचा समान पुरावा उभा करण्यात अडकले. आपण तो आजपासूनच गोळा करू. पुढच्या अभ्यासवर्गाला तू पहिल्या पाच गावांची यादी घेऊन ये. आम्हीही घेऊन येतो.

जय भीम!